कोलिब्री ॲप: उसाच्या फडावर एक हंगाम वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

पहिलं सांगतो, हे नेटशिवाय धडे दाखवणारं ॲप फुकट आहे, त्यामुळं पैसे वसूल झाले का हा प्रश्नच नाही. वेळ वसूल झाला का एवढंच बघायचं, आणि माझा नोव्हेंबर ते मार्च रोज संध्याकाळचा दीड तास यात गेलाय, म्हणून लिहायला बसलो.

मी शिक्षक-बिक्षक नाही. कॉम्प्युटर आणि सीसीटीव्हीची कामं करतो. आमच्या वहिनी झेडपीच्या शाळेत आहेत, त्यांनी हे लचांड माझ्या गळ्यात घातलं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या शिवारात दरवर्षी दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळीचा अड्डा पडतो, पंधरा-वीस कोयती (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी) आणि त्यांच्या मागनं आलेली पोरं. आईबाप पहाटे चारला फडावर जातात, मोठी पोरगी धाकट्याला काखेत घेऊन कोपीत (पाचटाच्या झोपडीत) बसते, आणि गावाकडच्या शाळेत तिचं नाव आहे पण ती तिथं नाही, इथल्या शाळेत ती आहे पण जून-जुलैचं तिचं सगळं झालेलं काय आणि राहिलेलं काय हे कुणालाच माहीत नाही. शिक्षण हमी पत्रक असतं, ते दाखवलं की शाळेत बसवून घेतात, वहिनींच्या शाळेत घेतातच, पण बसवून घेणं वेगळं आणि समजणं वेगळं. म्हणून त्या संध्याकाळी अड्ड्यावर जाऊन शिकवायच्या. एक दिवस मला म्हणाल्या, "भाऊजी, ते तुमचं कॉम्प्युटरचं काय ते इथं चालू करून द्या की, नेट नाही एवढंच." एवढंच!

आधीचा अनुभव सांगतो म्हणजे मी कोलिब्रीवर का खूश झालो ते कळंल. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीनं याच पोरांना दहा टॅबलेट दिलेले, हार-तुरे, फोटो सगळं झालेलं. नाव घेत नाही. टॅब चालू केला की लॉगिन, लॉगिन केलं की ओटीपी, ओटीपी कुठं तर बापाच्या नंबरवर, आणि बाप फडात, फोन त्याच्या खिशात, बॅटरी दोन टक्के. एकाच्या बापानं रिचार्ज संपला म्हणून सिमच बदललेलं, मग ते खातं कायमचं गेलं. वर्ष झाल्यावर ॲपची मुदत संपली तेव्हा सगळेच टॅब गप्प झाले. ते दहाच्या दहा टॅब मी स्वतः कपाटात बघितलेत, वरचं प्लॅस्टिक पण काढलेलं नाही काहींचं.

तर कोलिब्री. हे लर्निंग इक्वालिटी नावाच्या अमेरिकन ना-नफा संस्थेचं आहे. २०१२ मध्ये सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या पोरांनी खान अकॅडमीचे व्हिडिओ नेटशिवाय बघता यावेत म्हणून केए लाइट काढलं, त्याचा पुढचा अवतार हा. ओपन सोर्स, एमआयटी लायसन्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, बदलावं असं, मुदत संपायची भानगड नाही. विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं, अँड्रॉइडवर चालतं, रास्पबेरी पायच्या एवढ्याशा बोर्डावर पण चालतं. एका मशिनवर टाकायचं, नेट असंल तिथं बसून पाहिजे ते चॅनेल (म्हणजे धड्यांचा संच) उतरवून घ्यायचं, आणि मग ते मशीन उचलून नेट नसलेल्या ठिकाणी न्यायचं. तिथं वायफाय राउटर लावला की (नेटचं कनेक्शन नको, नुसता राउटर) बाकीचे फोन-टॅब ब्राउझरमधनं त्या मशिनचा पत्ता आणि पुढं ८०८० टाकून आत येतात. ओटीपी नाही, ईमेल नाही, आणि सेटिंगमध्ये सांगितलं तर पोरांना पासवर्ड पण लागत नाही, नुसतं नाव टाकायचं.

हे ज्यांच्यासाठी उपयोगी पडतंय ती माणसं बघितली की कळतं असं का केलंय. युगांडातल्या निर्वासितांच्या शाळांत तिथल्या सरकारी अभ्यासक्रमाप्रमाणं धडे लावून हे वापरलंय. २०२३ च्या यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) अहवालात शाळेच्या वयाची निर्वासित पोरं १ कोटी ४८ लाख आणि त्यातली ५१ टक्के शाळेबाहेर असा आकडा आहे, तो मी दोनदा वाचला. केनियात दादाब आणि काकुमा या छावण्या १९९१-९२ पासनं आहेत, म्हणजे तिथं जन्मलेल्या पोरांची पोरं आता शाळेत जायला आलीत. व्होडाफोन फाउंडेशन आणि यूएनएचसीआरनं २०१३ पासनं तिकडं इन्स्टंट नेटवर्क स्कूल म्हणून वर्ग काढलेत, आणि त्या फाउंडेशननंच एक पेटीतली शाळा पण केली, एका पेटीत २५ टॅबलेट, लॅपटॉप, प्रोजेक्टर, स्पीकर, पेटीचं वजन ५२ किलो. आमच्याकडं ५२ किलोचं म्हटलं तर उसाच्या दोन मोळ्या आणि वर वाढ्याची पेंडी, पेटी-बिटी काही नाही.

कायद्यानं आमची ही पोरं निर्वासित नाहीत, त्यांना गाव आहे, आधार कार्ड आहे, एप्रिलमध्ये परत जायला घर आहे, त्यामुळं सरसकट सारखंच म्हणणार नाही. पण नेट नाही, लाईट नाही, भाषा जराशी वेगळी, मास्तर दर सहा महिन्याला नवा, आणि हातात फोन असला तर तो बापाचा, एवढं जिथं जुळतं तिथं तेच ॲप चालतं.

आणि वळिवड्याला हे काय नवीन नाही बरं का. १९४३ ते ४८ इथं पोलंडच्या पाचेक हजार लोकांची छावणी होती, बायका आणि पोरंच जास्त. रशियानं आधी सायबेरियाकडं उचलून नेलेली माणसं, तिथनं सुटून इराणमार्गे आलेली. आमची आजी सांगायची, गोरी-गोरी पोरं ओळीनं पंचगंगेवर जायची म्हणून. त्यांच्या छावणीत त्यांच्या स्वतःच्या शाळा होत्या, पोलिश भाषेत, पोलिश बाईच शिकवायला, स्काऊट होतं, नाटकं व्हायची. महावीर गार्डनमध्ये त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आपण तिथं भेळ खाऊन येतो आणि वाचत नाही. ती गेली आणि त्याच बराकीत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, तेच आजचं गांधीनगर, जिथनं लग्नाचा बस्ता घ्यायला अख्खा जिल्हा येतो. कोलिब्री म्हणजे तो गुणगुण करत एका जागी उडणारा इवलासा पक्षी, आपल्याकडं नसतो, पण पोलिशमध्ये त्याला कोलिबेर म्हणतात. हे मला कळलं तेव्हा मी रात्री अकराला वहिनींना फोन करून सांगितलं, त्या झोपल्या होत्या.

बरं, सेटअप. माझा खर्च सांगतो: सेकंडहँड लॅपटॉप ९ हजार, ४ जीबी रॅमचा, त्यात एसएसडी माझ्याकडची जुनी टाकली. राउटर घरात पडून होता. फोन चार, सगळे गिऱ्हाइकांनी "राहू दे तुझ्याकडंच" म्हणून सोडलेले, एकाची काच फुटलीय. लाईट शेजारच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातनं वायर ओढून, आणि शेतीची लाईट कधी येईल कधी जाईल याचा नेम नाही म्हणून एक जुनी इन्व्हर्टरची बॅटरी.

पहिले चार दिवस नुसते शिव्या घालण्यात गेले आणि त्यात चूक कोलिब्रीची नव्हती, माझी होती, तरी लिहितो, कुणी करणार असंल तर वाचेल. लॅपटॉप झोपला की सगळ्यांचंच बंद पडतं, तेव्हा पॉवर सेटिंगमध्ये झोपणं बंद करा. विंडोजच्या फायरवॉलला परवानगी द्या, नाहीतर लॅपटॉपवर दिसतं आणि फोनवर दिसत नाही आणि आपण राउटरला दोष देत बसतो. राउटर बंद-चालू झाला की लॅपटॉपचा पत्ता बदलतो, तो राउटरमध्येच पक्का करून ठेवा. आणि सगळ्यात डोक्याला ताप म्हणजे फोन, त्याला वाटतं वायफायला नेट नाही म्हणजे वायफाय बेकार, आणि तो गुपचूप मोबाईल डेटावर उडी मारतो, पोरगं म्हणतंय "सर गेलं". सिम काढून टाकलं, विषय संपला.

चॅनेल घेताना हावरटपणा करू नका. आख्खं चॅनेल घ्यायला लागलं तर डिस्क भरते, धडे निवडून घेता येतात, तसं घ्या. मराठीत प्रथम संस्थेचं प्राडिजी चॅनेल चांगलं आहे, स्टोरीवीव्हरच्या गोष्टी आहेत, मोठ्या चित्रांच्या, बारकी पोरं त्यावरच पडून असतात. इंग्रजीत समुद्र आहे, मराठीत विहीर आहे, पण विहिरीला पाणी आहे. गणिताच्या सरावासाठी मी खान अकॅडमीचं हिंदी चॅनेल घेतलं, म्हटलं पोरं रील हिंदीच बघतात, जमंल. इथंच घोळ झाला.

बीडकडची एक पोरगी, अकरा-बारा वर्षांची, पाचवीतली, भाऊ कायम कडेवर. तिला हिंदी व्हिडिओ लावून दिला, भिन्न म्हणजे काय त्याचा. दहा मिनिटांनी विचारलं काय कळलं, तर म्हणाली, "भिन्न म्हणजी येगळं येगळं." बरोबरच की, मराठीत भिन्न म्हणजे वेगळंच. हिंदीत भिन्न म्हणजे अपूर्णांक, आणि आपल्या छेदाला ते हर म्हणतात. तिनं सगळा व्हिडिओ "वेगवेगळे तुकडे" या अर्थानं बघितला आणि तिला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. म्हटलं, मराठीतला शोध, वर खिडकी आहे तिथं नाव टाक. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि वाट बघत बसली. "सर, ह्याच्यात बोलायचं कुठं?"

मला एक मिनिट लागला समजायला. ही पोरं फोन आपल्यापेक्षा फास्ट चालवतात, पण लिहीत नाहीत. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं, काय पाहिजे ते समोर येतं. वाचता धड येत नाही म्हणून बोलणं, आणि बोलून काम होतं म्हणून वाचायची गरज नाही. इथं माईक नव्हता. लिहायला पाहिजे. तिनं लिहिलं, अ, प, उकार, र, न, काना, टिंब, क. अपुरनांक. काही आलं नाही. परत लिहिलं, परत नाही. दुसऱ्या दिवशी गणिताचं पुस्तक फ्रॉकच्या घडीत घालून आली आणि धड्याचं नाव बघून एकेक अक्षर दाबायला लागली, पू दीर्घ आहे हे तिचं तिनं पकडलं, अडली ती रफारावर. तो वर दिसतो पण दाबायचा आधी. र, मग पाय मोडायचा, मग ण. मी सांगणार होतो, वहिनींनी डोळ्यानं गप्प बसवलं. सहा-सात वेळा खोडलं असंल. तो रफार जेव्हा टुणकन ण च्या डोक्यावर जाऊन बसला तेव्हा तिनं भावाला कडेवरनं खाली ठेवलं, महिनाभरात पहिल्यांदा. मराठी व्हिडिओ आला खाली. डिजिटल साक्षरता डिजिटल साक्षरता म्हणून जे भाषणात ऐकतो ते मला त्या दिवशी दिसलं, आणि ते ॲपमधल्या कुठल्या फीचरमुळं नाही, एक सोय तिथं नव्हती त्यामुळं झालं. संस्थेनं माईक देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गंमत म्हणजे हिलाच दशांश अपूर्णांक एकदम सोपे. काट्यावरची वजनाची पावती बाप हिच्याकडनंच वाचून घेतो, १२.३४५ टन म्हणजे किती हे तिला तोंडपाठ, पॉइंटनंतरचा तिसरा आकडा किलो आहे हे मला तिनं सांगितलं. पावतीवर छेद-अंश नसतो म्हणून ते येत नव्हतं.

वहिनींना आवडलं ते कोचचं पान. पोरांचं वेगळं लॉगिन, मास्तरांचं वेगळं. मास्तर वर्ग करतात, गट करतात, धडे लावून देतात, छोटी परीक्षा देतात, आणि कोण कुठं अडलंय हे पोरानिशी दिसतं. नऊजण असले आणि नऊ गावची शिकवणी झालेली असली की हे सोन्यासारखं आहे, कारण सगळ्यांना एकच धडा शिकवून उपयोग नसतो. एक आठवीतला पोरगा, मिसरूड फुटलेला, भागाकाराच्या चौथीच्या सरावावर बसायचा, आणि शेजारच्याला दिसायचं नाही तो काय करतोय, म्हणून बसायचा. वर्गात हात वर करून त्यानं हे कधी विचारलं नसतं. शिकवत मात्र कोलिब्री नाही, हे ध्यानात घ्या. वहिनी दोन दिवस लग्नाला गेल्या तर मी आणि लॅपटॉप होतो, पोरांनी गोष्टींची चित्रं बघितली आणि गेली.

आता कमी काय. हे आतलं जग आहे, बाहेरच्या जगाचं यात काही कळत नाही. बापाच्या फोनचा पिन पोरीला माहीत, बापाला नाही. घरातली बँक तीच. जानेवारीत एकीनं सांगितलं, कुणाचा तरी फोन आलेला, "उचल (आगाऊ मजुरी) जमा करायची आहे, आलेला नंबर सांगा" म्हणून. मुकादमाचा (टोळी आणणाऱ्याचा) माणूस असंल म्हणून ती सांगणारच होती, तेवढ्यात रेंज गेली. नशीब. यावर ॲपमध्ये धडा शोधत बसलो नाही, दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओटीपीसारखे सहा आकडे लिहिले आणि सगळ्यांकडनं वदवून घेतलं की हे आईला सुद्धा मोठ्यानं वाचून दाखवायचे नाहीत. फॉर्म भरणं, फाईल कुठं साठते, खोटा मेसेज कसा ओळखायचा, हे शिकवायचं असंल तर तुमचं तुम्हाला करायला लागतंय. छावणीतल्या पोरांचं पण तेच असणार, त्यांची तर सगळी कागदपत्रंच फोनमध्ये.

दुसरं, आणि माझ्या मते मोठं. पोरगी जाते, तिचं खातं इथंच राहतं. दोन कोलिब्री एकमेकांना जोडली तर माहिती इकडनं तिकडं जाते, ती सोय आहे, पण त्यासाठी पलीकडं पण कोलिब्री पाहिजे. तिच्या गावच्या शाळेत नाही. मी डेटाच्या पानावरनं वापराची फाईल काढली, ती एक्सेलमध्ये उघडली, कुठला व्हिडिओ किती सेकंद असल्या शंभर रांगा, त्या बघून तिकडचे मास्तर काय करणार. शेवटी वहिनींनी तिच्या वहीच्या मागच्या पानावर पेनानं लिहून दिलं, बेरीज-वजाबाकी येते, अपूर्णांकाची ओळख झाली, समच्छेद राहिलं, वाचन दुसरीच्या पातळीचं होतं आता चौथीचं आहे, खाली सही. एवढा सगळा डिजिटल खटाटोप करून सोबत गेलं ते वहीचं पान. जाताना पोरगी मला म्हणाली, "फुडल्या वर्षी माजं नाव ह्याच्यातच असंल का?" मी आहे म्हणालो, आणि घरी येऊन पहिलं काम काय केलं तर अख्ख्या डिस्कची कॉपी काढून ठेवली, एसएसडी जुनी आहे म्हणून धाकधूक.

पाचातले चार देतो. एक कापला तो मराठी मजकूर कमी आहे त्याचा, आणि तो कमी आहे कारण आपल्याकडच्या मास्तरांनी करून टाकलेला नाही, कोलिब्री स्टुडिओ म्हणून त्यांचीच साइट आहे, तिथं आपले धडे आपण चढवू शकतो. वहिनी मे महिन्यात समच्छेदाचे दोन व्हिडिओ करणार आहेत म्हणतात, भाकरी मोडून. बघू.

करवीर, हातकणंगले, कागल भागात कुणी साखर कारखान्याच्या अड्ड्यावर किंवा वीटभट्टीवर पोरांना शिकवत असंल तर मराठीचं निवडलेलं सगळं माझ्याकडं तयार आहे, पेनड्राइव्हवर कॉपी करून देतो, तो लावून कोलिब्रीत थेट घेता येतं, तुम्हाला परत नेट जाळायला नको. ६४ जीबीचा आणा, ३२ मध्ये बसत नाही. आणि रविवारी येणार असाल तर चारनंतर या, त्याच्या आधी घरात मटण असतंय, मी काय उठत नाही.